तिबेटी माणूस मागतो तरी काय?

तिबेटचा विषय निघाला की आपल्याकडे साधारण दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक हळहळीचे : बिचाऱ्यांचा देश गेला, काय करणार! दुसरे व्यवहाराचे : झाले ते झाले, आता चीनसारख्या बलाढ्य शेजाऱ्याशी कोण वैर घेणार? दोन्ही बोलण्यांत तिबेटी माणूस स्वतः काय म्हणतो आहे, हे मात्र येत नाही. तो कोणापाशी काय मागतो, कशाच्या आधारे मागतो आणि त्या मागण्याची किंमत काय मोजतो, एवढेच या लेखात समजून घ्यायचे आहे.

वाचकहो, हा विषय आपल्यासारख्यांना लवकर उमजेल असे मला वाटते. आपण मराठी बोलणारी, पण महाराष्ट्राबाहेर मुरलेली माणसे. कोणाचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाडांच्या चाकरीत इकडे आले, कोणाचे निजामाच्या राज्यात स्थिरावले, कोणी राज्यपुनर्रचनेच्या वेळी आहे तिथेच राहिले आणि रेषा त्यांच्या अलीकडून गेली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, हा आपला रोजचा व्यवहार. मुलांना मराठी शिकवायचे कसे आणि कुठे, हा प्रश्न आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला आहे. तिबेटच्या प्रश्नाला धर्माची, सीमेची, नद्यांची अशा अनेक बाजू आहेत. मी येथे भाषेची बाजू धरून आत शिरणार आहे. एक तर ती आपल्या ओळखीची आहे आणि दुसरे म्हणजे आजच्या घडीला संघर्ष तिथेच सर्वांत तीव्र आहे.

तीन शब्दांचा गुंता

स्वातंत्र्य, स्वायत्तता आणि मानवी हक्क हे तीन शब्द तिबेटच्या चर्चेत एकमेकांत मिसळतात, आणि मग चर्चा भरकटते. ते आधी वेगळे करू.

स्वातंत्र्य म्हणजे चीनपासून वेगळा देश. निर्वासित तिबेटींची मूळ मागणी हीच होती. १९७० साली स्थापन झालेली तिबेटी युवक काँग्रेस आजही तीच मागणी करते. स्वायत्तता म्हणजे चीनच्या राज्यात राहून आपला कारभार आपण पाहणे. दलाई लामांनी सप्टेंबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे पाच कलमी शांतता योजना मांडली आणि जून १९८८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ती आणखी स्पष्ट केली. परराष्ट्र व्यवहार चीनकडे राहू द्यावा, अंतर्गत कारभार तिबेटींकडे असावा, असा तिचा आशय. यालाच पुढे ‘मध्यम मार्ग’ हे नाव रूढ झाले. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२००२ ते २०१० या काळात दलाई लामांचे प्रतिनिधी आणि चिनी अधिकारी यांच्यात चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. २००८ च्या फेरीत तिबेटी बाजूने एक लेखी निवेदन दिले. त्यात तिबेटी लोकांच्या अकरा मूलभूत गरजा क्रमाने लिहिल्या आहेत. पहिली गरज भाषा. मग संस्कृती, धर्म, शिक्षण, पर्यावरण वगैरे. प्रत्येक मुद्द्यापाशी चीनच्या संविधानाचा आणि तिथल्या प्रादेशिक स्वायत्तता कायद्याचा आधार दाखवलेला आहे. म्हणजे मागणी अशी की तुम्ही जे लिहून ठेवले आहे ते अमलात आणा. चीनने ते निवेदन म्हणजे अर्धे स्वातंत्र्यच मागणे आहे असे ठरवून फेटाळले, आणि २०१० नंतर औपचारिक बोलणी थांबली.

मानवी हक्क हा तिसरा शब्द, आणि तो या दोन्हींहून निराळा. देश एक राहो की दोन होवोत, कारभार लासाहून चालो की बीजिंगहून, माणसाला आपल्या भाषेत शिकता आले पाहिजे, आपला धर्म पाळता आला पाहिजे, सरकारकडे तक्रार केली म्हणून तुरुंगात जावे लागू नये. हा हक्क मागण्यासाठी तिबेट पूर्वी स्वतंत्र देश होता की नव्हता, हा वाद आधी सोडवावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशाची. चीन ज्याला ‘तिबेट स्वायत्त प्रदेश’ म्हणतो तो १९६५ साली आखला गेला. तिबेटी भाषा बोलणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्याच्या बाहेर, छिंगहाय, सिचुआन, गान्सू आणि युन्नान या प्रांतांत राहतात. आमदो आणि खाम ही त्या मुलखांची जुनी तिबेटी नावे. स्वतः दलाई लामांचा जन्म आमदोतला, म्हणजे आजच्या छिंगहायमधला. एका भाषेचा मुलूख चार-पाच प्रशासनांत वाटला गेला की काय होते, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २००८ च्या निवेदनात या सगळ्या मुलखासाठी एक प्रशासन असावे असेही मागितले होते, आणि चीनचा सर्वांत मोठा आक्षेप त्यावरच होता.

जगाच्या दारातले तीन ठराव

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले आणि छामदो पडले. नोव्हेंबरात ल्हासाच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. तो विषय आमसभेपुढे आणण्याची विनंती कोणी केली? एल साल्वाडोर या मध्य अमेरिकेतल्या चिमुकल्या देशाने. भारताचे प्रतिनिधी होते नवानगरचे जामसाहेब. प्रश्न शांततेने सुटेल अशी आशा व्यक्त करून त्यांनी चर्चा पुढे ढकलण्याच्या बाजूने मत दिले, आणि ती पुढे ढकलली गेली. मे १९५१ मध्ये सतरा कलमी करार झाला. त्यात तिबेटी भाषा आणि शिक्षण यांचा विकास केला जाईल, असे आश्वासन होते. एप्रिल १९५४ मध्ये भारत आणि चीन यांच्यात पंचशील करार झाला. त्याच्या शीर्षकातच ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असे शब्द आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या धोरणावर कडक टीका केली. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची सरहद्द आपल्या दाराशी आणली, हा त्यांचा मुद्दा होता.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला. ३१ मार्चला दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो लोक आले. त्या वर्षी पहिले पद्धतशीर काम केले ते मुंबईच्या एका वकिलाने. पुरुषोत्तम त्रिकमदास हे समाजवादी चळवळीतले, सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ विधिज्ञ. आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगासाठी त्यांनी तिबेटवरील पहिला अहवाल तयार केला आणि पुढे आयोगाच्या चौकशी समितीचे अध्यक्षपदही सांभाळले. निर्वासितांच्या जबान्या नोंदवणे, त्या ताडून पाहणे, कायद्याच्या भाषेत मांडणे, ही तिबेटच्या पाठपुराव्याची पद्धत तिथून सुरू झाली. एप्रिल १९६० मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने दिल्लीत आफ्रो-आशियाई देशांची तिबेट परिषद भरली.

आमसभेने तिबेटवर तीन ठराव केले. पहिला २१ ऑक्टोबर १९५९ चा, मलाया आणि आयर्लंड यांनी मांडलेला. बाजूने ४५, विरोधात ९, तटस्थ २६. भारत तटस्थांत होता. दुसरा डिसेंबर १९६१ चा. त्यात स्वयंनिर्णयाचा उल्लेख आला. भारत पुन्हा तटस्थ राहिला. तिसरा डिसेंबर १९६५ चा. मधल्या काळात १९६२ चे युद्ध होऊन गेले होते, आणि या वेळी भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. आमसभेत भारताची बाजू मांडणारे होते महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री डॉ. रफीक झकेरिया. १९७१ साली साम्यवादी चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली. त्यानंतर आमसभेने तिबेटवर चौथा ठराव केलेला नाही.

या इतिहासातून एक व्यवहारी धडा निघतो. राष्ट्रांची मते त्यांच्या सोयीने बदलतात. ठरावाच्या बळावर कोणाला आपली शाळा परत मिळालेली नाही. तरीही १९५९ च्या ठरावात तिबेटी लोकांचे मूलभूत हक्क आणि त्यांचे वेगळे सांस्कृतिक व धार्मिक जीवन यांचा आदर व्हावा असे जे नमूद झाले, तेच पुढच्या प्रत्येक अर्जाचा पाया ठरले.

क, ख, ग, ङ

भाषेला एवढे महत्त्व का, हे कळायला तिबेटी अक्षरमाला पाहावी. तिची सुरुवात क, ख, ग, ङ अशी होते. मग च, छ, ज, ञ. मग त, थ, द, न आणि प, फ, ब, म. आपल्या वर्गातले घ, झ, ध, भ तेवढे नाहीत, कारण ते उच्चार त्या भाषेत नाहीत. एकूण तीस व्यंजने आणि अक्षराला लागणाऱ्या चार स्वरखुणा. सातव्या शतकात राजा सोंगत्सेन गाम्पोच्या काळी थोन्मी संभोट याने भारतात येऊन ही लिपी घडवली, अशी तिबेटी परंपरा सांगते. लिपीचे मूळ ब्राह्मीच्या कुळात आहे, म्हणजे देवनागरीची ती चुलत बहीण.

या लिपीत पुढे जे काम झाले त्याला जगात फार थोड्या जोड्या सापडतील. संस्कृत ग्रंथांचे तिबेटी भाषांतर करताना एका संज्ञेला सगळ्यांनी एकच शब्द वापरावा, म्हणून नवव्या शतकाच्या सुरुवातीला राजाज्ञेने संस्कृत-तिबेटी पारिभाषिक कोश तयार झाला. त्याचे नाव ‘महाव्युत्पत्ती’. भाषांतरांचे दोन संग्रह झाले : बुद्धवचनांचा कांग्युर, सुमारे शंभर खंडांचा, आणि भारतीय आचार्यांच्या टीकाग्रंथांचा तेंग्युर, दोनशेंहून अधिक खंडांचा. यांतले कितीतरी ग्रंथ मूळ संस्कृतात आज उपलब्ध नाहीत. नालंदेची ग्रंथालये नष्ट झाली, पण तिथे शिकवले जाणारे पुष्कळसे तिबेटीत वाचायला मिळते.

या वाटेवर मराठी माणसाचेही पाऊल आहे. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या मठांतून जुन्या संस्कृत पोथ्या शोधल्या. ङोर मठात त्यांना वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’ची पोथी सापडली. तिच्या छायाचित्रांवरून मूळ कारिका संपादित करून १९४६ साली प्रसिद्ध केल्या त्या पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले प्राध्यापक वा. वि. गोखले यांनी. १९६७ साली सारनाथला तिबेटी उच्च शिक्षणाची संस्था निघाली. तिबेटीत उरलेल्या ग्रंथांवरून संस्कृत पाठ पुन्हा उभे करण्याचे काम तिथे चालते.

तेव्हा तिबेटी भाषेचे शिक्षण आटले तर बोली घरात काही काळ टिकेल, पण हे ग्रंथ वाचणारा उरणार नाही. घरात मराठी बोलणारी पण ज्ञानेश्वरी उघडून वाचता न येणारी मुले आपण आपल्या आसपास पाहतो. तिथले संकट त्याच जातीचे आहे, फरक इतकाच की तिथे आईबापांना दुसरा रस्ता निवडण्याची मोकळीक नाही.

अर्ज करणारे

१९६२ साली दहाव्या पंचेन लामांनी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना एक दीर्घ अर्ज दिला. पंचेन लामा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. १९५९ साली ते भारतात आले नव्हते. चिनी व्यवस्थेतच मोठ्या पदावर होते. तिबेटी मुलखात हिंडून जे दिसले ते त्यांनी लिहिले : उपासमार, ओस पडलेले मठ, सरसकट अटका. त्याचबरोबर त्यांनी हेही लिहिले की एखाद्या जमातीची भाषा, पोशाख आणि चालीरीती गेल्या की ती जमातच नाहीशी होते. हा अर्ज सत्तर हजार अक्षरांचा अर्ज म्हणून ओळखला जातो. १९६४ साली त्यांना पदावरून काढले. पुढे तुरुंगवास आला. सुटका १९७७ साली झाली. अर्जाचा मजकूर बाहेरच्या जगाला १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाचायला मिळाला.

सुटकेनंतर पंचेन लामांनी तोच विषय पुन्हा हाती घेतला. त्यांच्या आणि इतरांच्या प्रयत्नाने १९८७ साली तिबेट स्वायत्त प्रदेशात तिबेटी भाषेचे नियम झाले. तिबेटीला प्राधान्य, आणि टप्प्याटप्प्याने माध्यमिक शाळेतही तिबेटी माध्यम, असे त्यांत होते. जानेवारी १९८९ मध्ये ते शिगात्से येथे वारले. २००२ साली ते नियम बदलले आणि प्राधान्याचा भाग गळला. त्यांच्यानंतरचे पंचेन लामा म्हणून दलाई लामांनी १४ मे १९९५ रोजी गेदुन छोक्यी न्यीमा या सहा वर्षांच्या मुलाचे नाव जाहीर केले. तीन दिवसांत तो मुलगा आणि त्याचे आईवडील चिनी अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेले. आज तो मध्यमवयाकडे झुकला असेल. बाहेरच्या कोणालाही तो अजून भेटू दिलेला नाही.

आता एका साध्या माणसाची हकीकत. ताशी वांगचुक हा छिंगहायमधल्या युशू गावचा दुकानदार. त्याची तक्रार अशी की गावात मुलांना तिबेटी नीट शिकण्याची सोय उरलेली नाही. शाळेत तिबेटी नावापुरती आणि बाहेरचे खासगी वर्ग बंद केलेले. त्याने चिनी कायदा वाचला. संविधानाचे चौथे कलम सांगते की सर्व राष्ट्रीयत्वांना आपली बोली आणि लिपी वापरण्याचे व विकसित करण्याचे स्वातंत्र्य आहे. एक्केचाळिसावे कलम सांगते की नागरिकाला सरकारी यंत्रणेवर टीका करण्याचा आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क आहे. स्वायत्तता कायदा सांगतो की जिथे प्रामुख्याने अल्पसंख्य मुले शिकतात त्या शाळांनी शक्य तिथे त्यांच्याच भाषेत शिकवावे. हे वाचून तो स्थानिक अधिकाऱ्यांवर फिर्याद करण्यासाठी २०१५ साली बीजिंगला गेला. कोणी वकील ती घेईना. त्याच्या या खटपटीवर न्यूयॉर्क टाइम्सने नऊ मिनिटांची एक चित्रफीत केली. तीत त्याने तिबेटचे स्वातंत्र्य मागितले नाही.

जानेवारी २०१६ मध्ये त्याला पकडले. जानेवारी २०१८ मध्ये खटला चालला आणि तीच चित्रफीत पुरावा म्हणून न्यायालयात दाखवली गेली. मे २०१८ मध्ये ‘फुटीरतेला चिथावणी’ या आरोपाखाली पाच वर्षांची शिक्षा झाली. मनमानी अटकांची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाने त्याची अटक बेकायदा असल्याचे मत दिले. तरी त्याने शिक्षा पूर्ण भोगली आणि जानेवारी २०२१ मध्ये तो सुटला.

या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहा. एक मोठ्या पदावरचा धर्माचार्य, दुसरा बाजारपेठेतला दुकानदार. मध्ये अर्धशतक गेले. दोघांनीही राज्याचाच कायदा राज्यापुढे धरला, आणि दोघांनाही त्याबद्दलच शिक्षा झाली. माझ्या मते तिबेटच्या मानवी हक्कांचा प्रश्न इथे आपल्या मुळाशी येतो. चीनच्या कायद्यात भाषेचा हक्क लिहिलेला आहे. तो मागण्याचा मार्गच बंद केला, की लिहिलेल्या हक्काचे काय उरते?

निवासी शाळांचा वाद

फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तीन विशेष तज्ज्ञांनी जाहीर चिंता व्यक्त केली की सुमारे दहा लाख तिबेटी मुलांवर सरकारी निवासी शाळांच्या व्यवस्थेचा परिणाम होत आहे. पुढच्याच महिन्यात आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीने ही सक्तीची व्यवस्था बंद करावी असे चीनला सुचवले. या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार चीनने २००१ साली स्वतः मान्य केलेला आहे.

चीनचे म्हणणे असे : पठारावर वस्ती विरळ, गावे दूरदूर, म्हणून निवासी शाळा लागतात. प्रवेश ऐच्छिक आहे. राष्ट्रभाषा आल्याशिवाय नोकरी मिळत नाही. यातले काही खरे आहे आणि ते टाळून चालणार नाही. निवासी शाळा मुळात वाईट नसते. आपल्याकडे आश्रमशाळा आहेत, नवोदय विद्यालये आहेत. चिनी भाषा मुलांनी शिकू नये, असेही कोणी शहाणा तिबेटी म्हणत नाही. ताशी वांगचुकही चिनीतच बोलत होता.

खरा प्रश्न निवडीचा आहे. गावातली शाळा बंद केली, दुसरी तिबेटी शाळा चालू दिली नाही, आणि मग निवासी शाळा ऐच्छिक आहे असे म्हटले, तर त्या इच्छेला अर्थ काय? २०१० च्या ऑक्टोबरमध्ये रेबकोंग येथे हजारो विद्यार्थी शिक्षणातली तिबेटी कमी करण्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. २०२१ पासून अल्पसंख्यांच्या मुलखातल्या बालवाड्यांतही प्रमाण चिनी वापरण्याचा आदेश आहे. गोलोक भागातल्या राग्या येथे १९९४ पासून चाललेली, तिबेटी भाषा व संस्कृतीसाठी नावाजलेली शाळा जुलै २०२४ मध्ये बंद करण्यात आली. चार वर्षांच्या मुलाची पहिली गाणी, पहिल्या गोष्टी, वस्तूंची नावे परभाषेत आली आणि पुढे ते वर्षातले बहुतेक महिने घराबाहेर राहिले, तर आजीशी बोलायचे कोणत्या भाषेत? हा हिशेब मांडायला आपल्यापैकी कोणालाही तज्ज्ञ लागणार नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : हा चीनचा अंतर्गत मामला आहे. भारत सरकारने तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचे २००३ च्या संयुक्त जाहीरनाम्यात मान्य केले आहे. पण भूभाग कोणाचा हे मान्य करणे आणि तिथल्या मुलांच्या शाळेबद्दल न बोलणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद हाही त्या सरकारच्या मते अंतर्गत मामला होता. तो प्रश्न १९४६ साली संयुक्त राष्ट्रांत नेला तो भारतानेच.

दुसरा आक्षेप : जुन्या तिबेटात कुठे सुख होते? तिथे मठांच्या आणि सरदारांच्या जहागिऱ्या होत्या, कुळे जमिनीला बांधलेली होती. हे खरे आहे, आणि सुधारणा हव्याच होत्या हे दलाई लामांनीही मान्य केले आहे. २०११ साली त्यांनी आपले सर्व राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले. आता रस्ते झाले, २००६ पासून ल्हासापर्यंत रेल्वे गेली, उत्पन्न वाढले. पण पंजोबांच्या काळच्या अन्यायाची भरपाई पणतूच्या भाषेतून वसूल करता येत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला : आपल्याकडे भाषिक अल्पसंख्यांचे सगळे ठीक आहे का? नाही. १९५६ साली संविधानात ३५० अ हे कलम आले आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे यासाठी राज्यांनी सोय करावी असे त्यात लिहिले. ते कागदावर किती आणि शाळेत किती, हे बेळगावच्या किंवा हैदराबादच्या वाचकाला विचारावे. सीमाभागाने लाठ्या खाल्ल्या, माणसे गमावली. तरीही २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात उभा आहे, भाषिक अल्पसंख्यांच्या आयुक्तांकडे अर्ज जातो, वर्तमानपत्रे छापतात, निवडणुका लढवल्या जातात. उत्तर उशिरा येते, कधी येत नाही. पण विचारण्याची वाट आहे. ती किती मोलाची आहे हे युशूच्या दुकानदाराकडे पाहिल्यावर कळते, आणि ती आपल्याकडे अरुंद होऊ लागली तर गप्प बसू नये हेही कळते.

आपल्या आवाक्यातले

तिबेटसाठी चालणारा पाठपुरावा आज मुख्यतः नोंदी ठेवण्याचा आहे : कोणाला पकडले, कोणती शाळा बंद झाली, कोणता आदेश निघाला. या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांपुढे आणि निरनिराळ्या देशांच्या संसदांपुढे जातात. तिबेटात २००९ पासून दीडशेहून अधिक माणसांनी स्वतःला जाळून घेतले. त्यांतल्या अनेकांच्या शेवटच्या शब्दांत भाषेचा उल्लेख होता. असा शोक आकड्यांत मांडणे जड जाते, पण नोंद नसेल तर उद्या घडलेच नाही असे म्हटले जाईल.

आपण काय करू शकतो? मुंडगोड बेळगावपासून फार लांब नाही. १९६० च्या दशकात तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर तिथे वसाहत झाली, आणि ड्रेपुंग व गांदेन हे ल्हासाजवळचे महाविहार तिथे नव्याने उभे राहिले. गोंदिया जिल्ह्यातही तिबेटी वसाहत आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथे थंडीत स्वेटर विकायला येणारी कुटुंबे अशाच वसाहतींतली. त्यांच्या तिसऱ्या पिढीला आता आपल्यासारखाच प्रश्न पडला आहे : परमुलखात भाषा कशी राखायची? तरुण परदेशी जात आहेत, वसाहतींतल्या शाळांची पटसंख्या घटते आहे. आपल्या संस्थांनी त्यांच्या शिक्षकांना व्याख्यानाला बोलवावे, त्यांच्या शाळा पाहाव्यात. बालवर्गात मातृभाषा कशी रुजवायची याचे त्यांचे अनुभव आपल्याला उपयोगी पडतील, आणि आपल्या ग्रंथालयांचे त्यांना.

दुसरे, आपल्या खासदाराला प्रश्न विचारता येतो. चीनशी व्यापार, सीमा, नद्या या विषयांवर बोलणी होतात, त्यांत भाषेच्या कैद्यांचा विषय निघतो का, असे एका पत्राने विचारता येते. त्यासाठी तिबेट स्वतंत्र व्हावा की नाही यावर आपले मत असण्याची गरज नाही.

तिसरे, बोलताना अचूक बोलावे. चिनी माणसाविषयी द्वेष पेरणारे बोलणे तिबेटींच्या उपयोगाचे नाही. त्यांच्या अर्जांत असे शब्द नसतात. त्यांच्या बाजूला एकच भक्कम आधार आहे, खरेपणाचा. ऐकीव आकडे आणि फुगवलेल्या कथा यांनी तो पोखरला जातो.

पंचेन लामांनी अर्ज लिहिला तेव्हा त्याचे काय होईल याची कल्पना त्यांच्या आसपासच्यांना होती, आणि अर्ज सौम्य करा असा सल्लाही त्यांना मिळाला होता. तो अर्ज छत्तीस वर्षांनी का होईना, जगाने वाचला. ताशी वांगचुकची फिर्याद मात्र अजून कोणत्याही न्यायालयात दाखल झालेली नाही. मुलांना त्यांच्या भाषेत शिकवा, एवढेच तिच्यात लिहायचे होते.